ट्रामचे रूळ निघाले तेव्हा

नाशिक रोड
६ नोव्हेंबर १९३२

गुलजार फुफींना आबिदाचा सलाम.

तुमचं पत्र पोस्टमनने अब्बांच्याच हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि "आपा बाळबोधात काय खरडते कोण जाणे," म्हणत माझ्याकडे टाकलं. तुमच्या भावाचं शिकणं उर्दूतलं, आणि तुम्हाला फुफाजींनी मनमाडला रेल्वेत असताना मराठी शिकवली. म्हणून तर मला तुम्हाला मोकळेपणी लिहिता येतं.

नाशिकच्या दवाखान्यातला माझा सुईणीचा वर्ग नीट चालू आहे. आता बाळंतिणीजवळ आम्हाला उभं करतात. डॉक्टरीणबाई कडक आहेत, नखं तपासतात. परीक्षा मार्चात. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत.

काळजी वेगळीच आहे. ट्रामच्या फेऱ्या कमी झाल्या. पूर्वी आगगाडी आली की उतारूंची ट्रामवर झुंबड उडायची. आता स्टेशनाबाहेर मोटारी उभ्या असतात. त्यांची पोरं थेट फलाटाच्या दारातून लोकांचं सामान उचलतात आणि "नाशिक, नाशिक" ओरडतात. ट्राम अर्धी रिकामी जाते. अब्बाच ती चालवतात. घरी आले की इंजिन पुसून आलेले हात धुवायला फार वेळ लावतात.

लोक म्हणतात, कंपनी गाशा गुंडाळणार. तसं झालं तर माझं काय? माझे मालक तापाने गेले, मी माहेरी परत आले, तेव्हा तुम्ही अब्बांशी भांडून मला या वर्गात घातलंत. तेव्हा अब्बांची एकच अट होती: जायचं ते माझ्या ट्राममधून, माझ्या डोळ्यांदेखत. ट्रामच नसेल तर ते मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देणार नाहीत.

तुमची तब्येत कशी आहे?

तुमची आबिदा


मनमाड
११ नोव्हेंबर १९३२

आबिदाला फुफीची दुवा.

तू आधीच रडायला लागलीस. कंपनी बंद पडल तवा पडल. आज ट्राम हाय ना? मग आज जा.

माझी तब्येत बरी हाय. गुडघे तेवढे धरत्यात. परवा पोर्टरच्या बायकोकडं जायचं व्हतं तर दोघींनी धरून उठवलं. इथं रेल्वेच्या चाळीतली निम्मी पोरं माझ्या हातावर जन्मली, पण आता नवा डॉक्टर म्हणतो, शिकलेली सुईण पायजे, कागद दाखवा. मी म्हणलं, माझी भाची कागद घेऊन येतीय, जरा दम धर. तवा तुझा कागद मला पण लागतोय, ध्यानात ठेव. पास झालीस की मनमाडलाच यायचं.

तुझ्या अब्बाचं, लियाकतचं म्हणशील, तर तो लहानपणापासनं तसाच. आमच्या वालिदांनी, म्हंजी तुझ्या आज्यानं, बकरी विकली तर हा दोन दिवस जेवला नाय. त्याची ट्राम म्हंजी त्याची बकरी. त्याला आत्ता काही विचारू नको. घरात हसून बोल.

तुझी फुफी गुलजारबी


नाशिक रोड
५ डिसेंबर १९३२

फुफींना सलाम.

ट्राम बंद झाली. गेल्या महिन्याच्या अखेरीला शेवटची फेरी झाली. हार नाही, गर्दी नाही. अब्बांनी नेहमीसारखी गाडी शेडमध्ये लावली, साहेबाकडे हँडल दिलं आणि पायी घरी आले.

तेव्हापासून मी घरात आहे. मोटारीने जाऊ का, असं एकदाच विचारलं. म्हणाले, "त्या मोटारीत बायका-पुरुष गुडघ्याला गुडघा लावून बसतात. ड्रायव्हर कोण, मागे कोण, काही पत्ता नाही. मी तुला तसं पाठवणार नाही."

मी म्हटलं, "मग परीक्षा?"

"परीक्षा आपल्या नशिबात नव्हती असं समज."

फुफी, मोटारवाला धोंडीराम स्वतः आमच्या दाराशी आला होता. त्याला इंजिनाची जाण असलेला ड्रायव्हर हवा आहे. अब्बांनी त्याला आत बोलावलं नाही. "माझ्या गाडीच्या पोटावर ज्यानं पाय दिला त्याची नोकरी मी करणार नाही," असं उंबऱ्यातच सांगितलं. धोंडीराम टोपी सारखी करत निघून गेला. मला त्याचीच दया आली.

आता अब्बा उजाडायच्या आत बाहेर पडतात. देवळालीच्या छावणीत लोहाराच्या हाताखाली काम मिळालं म्हणतात. अंधार पडल्यावर येतात, जेवून झोपतात. हातांना फोड आले आहेत.

आणखी एक. येवल्याहून मागणीचा निरोप आला आहे. विणकर आहेत, बायको वारली, दोन मुलं. माणूस वाईट नाही म्हणतात. अब्बा म्हणाले, ईदनंतर बघू. मला कुणी विचारलं नाही. मी त्यांना काय सांगू?

आबिदा


मनमाड
१० डिसेंबर १९३२

आबिदाला दुवा.

काय सांगू म्हंजी? तुला काय पायजे ते तू चार पानात कुठंबी लिहिलं नाय. ट्राम गेली, अब्बा नाय म्हणतो, येवलेवाले आले. आणि तू कुठं हायेस? तुला निकाह करायचा असल तर तसं लिही, मी खुशीनं येईन, शेवया घेऊन. दोन पोरांची आई व्हणं काय कमी काम नाय. पण वर्ग पुरा करायचा असल तर घरात बसून माझ्याकडं रडू नको. मी मनमाडातनं ट्राम ढकलू शकत नाय.

मी यायचं ठरवलं व्हतं. पाशिंजरचं तिकीट काढायला स्टेशनापत्तुर गेले, पण पुलाच्या पायऱ्या चढवंनात, माघारी आले. हे लियाकतला सांगू नको.

तिथं रस्त्यानं जाणाऱ्या बाया असत्याल ना? भाजीवाल्या, दूधवाल्या? त्या कशा जात्यात ते बघ.

फुफी


नाशिक रोड
३ जानेवारी १९३३

फुफींना सलाम, आणि रमजान मुबारक.

तुमचं पत्र वाचून मला राग आला होता. दोन दिवस उत्तर लिहायचं नाही असं ठरवलं. मग चेहेडीच्या कुसाबाईला विचारलं.

कुसाबाई भाजीची पाटी घेऊन रोज नाशिकच्या बाजाराला जाते. पूर्वी ट्रामने जायची. मोटारवाले पाटीचं वेगळं भाडं मागतात म्हणून आता पायी जाते. मी म्हटलं, "मला संगती न्याल?" तिने माझ्या पायांकडे पाहिलं. "चपला चांगल्या हायेत. पण मागं राहिलीस तर मी थांबायची नाय, माझा बाजार निघून जाईल."

आता मी तिच्याबरोबर पायी जाते. अब्बा गेले की थोड्या वेळाने निघते, ते येण्याच्या आत परत येते. ट्रामच्या रुळांच्या कडेने सरळ वाट आहे. धुक्यात पुढचं दिसत नाही, पण रूळ सोडला नाही की चुकत नाही. पहिल्या आठवड्यात पाय सुजले. आता सवय झाली. रोजा असला तरी सकाळचं काही वाटत नाही, परतताना मात्र तोंडाला कोरड पडते. कुसाबाई माझ्यासमोर पाणी पीत नाही. मी प्या म्हटलं तरी ऐकत नाही.

डॉक्टरीणबाईंनी बुडालेल्या दिवसांबद्दल खूप बोलून घेतलं. मग म्हणाल्या, यापुढे एकही दिवस चुकला नाही तर बसू देईन.

अब्बांना यातलं काही माहीत नाही. मला त्यांच्याशी खोटं बोलायला आवडत नाही. पण तुम्ही विचारलं होतंत मला काय हवं आहे. मला वर्ग पुरा करायचा आहे. येवल्याला जायचं नाही.

तुमची आबिदा


मनमाड
९ जानेवारी १९३३

आबिदाला दुवा.

आता कसं लिहिलंस. असं लिहीत जा.

पण जीव खालीवर झाला माझा. मी बाया बघ म्हणलं, तू तर चालायलाच लागलीस! इथं मालधक्क्यावरचा बुधा सांगत व्हता, तुमच्या ट्रामचे रूळ उखडायला ठेकेदारानं माणसं लावल्यात, शहराच्या टोकाकडनं सुरुवात केलीय. म्हंजी ती टोळी रोज तुझ्या वाटंवर जवळ जवळ येणार. कुठकुठली माणसं असत्याल, पहारी हातात. त्यांच्या बाजूनं जाऊ नको. रस्ता वलांडून पल्याडच्या कडेनं जा, कुसाबाईचा पदर धर आणि वर बघू नको.

आणि पहाटं रोजाच्या आधी, सहरीला, खजूर खात जा.

फुफी


नाशिक रोड
१६ जानेवारी १९३३

गुलजार आपांस लियाकतचा सलाम.

हे पत्र सावळीराम लिहितो आहे. आपल्या ट्रामवर तिकिटं द्यायचा तो. तुला उर्दू येत नाही म्हणून त्याला त्रास दिला.

आपा, मी घरात सांगितलं होतं की देवळालीच्या छावणीत कामाला जातो. ते खरं नव्हतं. मी रूळ उखडणाऱ्या टोळीत आहे. ठेकेदाराला सांधे कुठे, खिळे कुठे हे जाणणारा माणूस हवा होता. मला दुसरं कुणी काम दिलं नाही. उमेदीची सगळी वर्षं ज्या रुळांवर गाडी चालवली ते मी माझ्या हाताने काढतो, हे पोरीला कोणत्या तोंडाने सांगणार?

इतके दिवस काम दवाखान्याच्या पलीकडे, गावात होतं; परवा आम्ही नासर्डीच्या पुलाजवळ आलो. धुकं होतं. स्टेशनाकडून दोन बाया आल्या, एकीच्या डोक्यावर पाटी, एक बुरख्यात. बुरखेवालीने आम्हाला पाहिलं आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेली. मी तिच्या चालीवरून ओळखलं. तिच्या अम्मीची चाल तशीच होती. मी हाक मारली, "आबिदा!"

ती थांबली. मी हातात पहार घेऊन तिच्यापर्यंत गेलो.

"कुठे निघालीस?"

"दवाखान्यात."

"पायी?"

"हो." मग तिने माझ्या हाताकडे पाहिलं. "अब्बा, तुम्ही तर देवळालीला होतात ना?"

मी पहार पाठीमागे नेली. मागे टोळीतली माणसं काम थांबवून बघत होती.

(सावळीराम लिहितो: लियाकतभाई इथे उठून दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. रोजा आहे, नाहीतर चहा दिला असता. पुढचं सांगा म्हटलं तेव्हा सांगू लागले.)

मला आधी राग आला. वाटलं, हाताला धरून घरी न्यावं. मग तिच्या चपला दिसल्या. टाचेकडून पार झिजल्या होत्या, सुतळीने बांधल्या होत्या. म्हणजे ही आजकालची गोष्ट नव्हती. तेवढ्यात ती भाजीवाली म्हणाली, "बापलेकीनं रस्त्यात उभं राहून एकमेकांकडं बघत बसायचं आसल तर बसा, मला बाजार गाठायचाय."

मी पहार खाली ठेवली. मुकादमाला म्हटलं, येतो. आणि तिला दवाखान्यापर्यंत पोचवलं. मी पुढे, त्या दोघी मागे. फाटकाशी तिला म्हणालो, "संध्याकाळी इथेच थांब. मी येतो." रोज तसंच करतो.

पण रूळ निघत निघत स्टेशनपर्यंत येतील आणि काम संपेल. मग मी दुसरीकडे कुठे लागेन, आणि ही पुन्हा एकटी. येवल्याचे लोक उत्तर मागत आहेत. आपा, तुला हे माहीत होतं का? मी काय करू?

लियाकत


मनमाड
१९ जानेवारी १९३३

लियाकतला दुवा.

मला माहीत व्हतं. ती तुझ्यापासनं लपवत व्हती, तू तिच्यापासनं. आता दोघांचं फिटलं. तो विषय सोड.

रूळ उखडण्यात लाज कसली? कंपनीनं गाडी बंद केली, तू नाय. पोटाला लागतं म्हणून काम केलंस. लाज त्या दिवशी, जवा धोंडीराम दारात आला आणि तू त्याला पाणीसुदिक इचारलं नाय.

तू म्हणतोस, मोटारीत पोरीला पाठवणार नाय, ड्रायव्हर कोण आसल पत्ता नाय. मग तूच ड्रायव्हर हो! मी मनमाडात बसून हे सांगायचं का तुला?

येवलेवाल्यांना काय सांगायचं ते आबिदाला इचारून सांग. तिच्या तोंडानं ऐक, मग निरोप धाड.

सावळीरामभाऊंना सलाम. त्यांचं अक्षर चांगलं हाय.

गुलजारबी


नाशिक रोड
१२ फेब्रुवारी १९३३

फुफींना सलाम.

तुमचं पत्र सावळीरामकाकांनी अब्बांना वाचून दाखवलं. ऐकून अब्बा उठले आणि मशिदीत गेले. आठवडा गेला. ईदच्या दुसऱ्या दिवशी शिरखुर्म्याचा डबा घेऊन मला म्हणाले, "चल." आम्ही धोंडीरामच्या घरी गेलो. तो बिचारा घाबरला, वाटलं भांडायला आलो.

अब्बा म्हणाले, "ड्रायव्हरची जागा आहे का अजून?"

"आहे की, लियाकतभाई. तुमच्यासाठी पगार—"

"पगार तू ठरव. माझी अट दुसरी आहे. ड्रायव्हरच्या पाठचा बाक बायकांचा. मध्ये कापडाचा पडदा. आणि भाजीच्या पाटीला भाडं नाही."

धोंडीराम म्हणाला, "बायका येतात कुठे मोटारीला? बाक रिकामा जाईल."

"जागा नाही म्हणून येत नाहीत," अब्बा म्हणाले.

सुरुवातीला धोंडीरामचंच खरं झालं. बाकावर मी आणि कुसाबाई, दोघीच. धोंडीराम रोज संध्याकाळी कुरकुर करायचा. एक दिवस गाडी खचाखच भरली तेव्हा एक वकील पडदा सारून आमच्या बाकावर येऊन बसले. अब्बांनी नासर्डीच्या पुलावर गाडी उभी केली.

"वकीलसाहेब, मागे या."

"मागे जागा नाही. दोन बायका, एवढा बाक! गाडी सुरू करा, मला कोर्टात जायचंय."

अब्बांनी इंजिन बंद केलं आणि मांडीवर हात ठेवून बसले. मागचे लोक ओरडू लागले, आधी अब्बांवर, मग वकिलांवर. शेवटी ते उठले आणि नाशिकपर्यंत दांडीला धरून उभे राहिले. मला भीती वाटली की आज नोकरी गेली. वकिलांनी तक्रार केलीसुद्धा. धोंडीराम अब्बांना रागावला. पण ती गोष्ट गावभर झाली आणि दुसऱ्या आठवड्यापासून बायका येऊ लागल्या. शाळेतल्या दोन मास्तरणी, स्टेशनमास्तरांच्या सासूबाई, काल तर भगूरहून आलेली नवी नवरी. आता धोंडीराम काही बोलत नाही.

येवल्याचं अब्बांनी मला विचारलं. मी नको म्हटलं. त्यांनी कारण विचारलं नाही. निरोप गेला.

आता अभ्यास करते. परीक्षेत बाहुलीवर आडवं मूल फिरवून दाखवावं लागतं. तुम्ही ते कसं करायचात?

आबिदा


इगतपुरी
३० एप्रिल १९३३

फुफींना सलाम.

मी पास झाले, आणि मनमाडला न येता इगतपुरीच्या दवाखान्यात लागले, म्हणून तुम्ही रागावलात. तुमचं पत्र आलं नाही त्यावरूनच कळलं. मनमाडच्या डॉक्टरांनी जागा भरली आहे असं कळवलं होतं. तुम्हाला ते सांगायची माझी हिंमत झाली नाही, तेवढा दोष माझा. इथे खोली आहे, नळ आहे. पहिली रजा मिळाली की मी येईन आणि तुमचे गुडघे शेकून देईन.

इथे यायचं ठरलं तेव्हा वाटलं होतं, अब्बा पोचवायला येतील. त्यांनी धोंडीरामकडे रजासुद्धा मागितली होती. सकाळी आम्ही स्टेशनवर गेलो. पॅसेंजर आली. अब्बांनी माझी ट्रंक बायकांच्या डब्यात चढवली, खालच्या बाकाखाली सरकवली, आणि उतरून फलाटावर उभे राहिले.

मी म्हटलं, "अब्बा, गाडी सुटेल. चढा ना."

"मी नाही येत."

"का?"

"मी आलो तर परत निघताना तुला घेऊन येईन," ते म्हणाले. मग दाराची कडी दोनदा ओढून पाहिली. "घाटात खिडकीबाहेर हात काढू नकोस."

"अब्बा, घाट इगतपुरीच्या पुढे आहे."

"असू दे. तरी काढू नकोस."

गाडी हलली तेव्हा ते चालत बरोबर आले नाहीत. जिथे होते तिथेच उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागे धरून. ते दिसेनासे होईपर्यंत मी बघत होते. मग डब्यातल्या एका बाईने विचारलं, "कोण ते?" मी सांगितलं, "माझे वडील. मोटार चालवतात."

इथे येऊन आठवडा झाला. परवा सकाळी पहिलं बोलावणं आलं, रेल्वेच्या चाळीतून. रुळांचे सांधे बदलणारा सोमा स्वतः धावत आला होता. त्याची बायको मैना, पहिलीच खेप, घाबरून गेलेली. घरात म्हातारं माणूस कुणी नाही. मी पिशवी घेऊन त्याच्या मागोमाग गेले. दाराशी पोचलो तेव्हा त्याने मला नीट पाहिलं. मी तरुण दिसले असेन.

"बाई, तुमच्यासंगं कुणी नाय? एकट्याच हायात?"

मी हो म्हटलं आणि त्याला पाणी तापवायला सांगितलं.

तुमची आबिदा